‘स्वेच्छेने’ हा शब्द मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. अपील अधिकारी,
बेरोजगारी विमा कार्यालय, दुसरा मजला.

विषय : दावा क्र. ४१७ मध्ये मी दिलेली खोटी माहिती रद्द करून दावा पुन्हा विचारात घेण्याबाबत.
संदर्भ : दावा नामंजूर केल्याचे आपले पत्र, दि. ६ जानेवारी.

महोदय,

१. मी धुलाई कारखान्यात घडी विभागाचा मुकादम आहे. आमच्याकडे रुग्णालयांच्या व हॉटेलांच्या चादरी धुवायला येतात. वरील दावा ज्यांचा आहे त्या बाईंनी येथे चौदा वर्षे चादरींच्या घड्या घातल्या. त्यांपैकी पहिली नऊ वर्षे चादरीची समोरची दोन टोके माझ्या हातात असत. आम्ही सर्व त्यांना ताई म्हणतो.

२. नोव्हेंबरमध्ये घडी घालणारे यंत्र आले व ताईंना कमी करण्यात आले. त्यांच्या कामात खोट नव्हती. मालकांनी मला बोलावून सांगितले की, गेल्या वर्षी चौघांनी भत्ता घेतला, आणखी एकाने घेतला तर कारखान्याच्या विमा-वर्गणीचा दर वाढेल. स्वतःहून काम सोडणाऱ्याला भत्ता मिळत नाही, तेव्हा फॉर्मवर ‘दि. २९ नोव्हेंबरपासून स्वेच्छेने सेवामुक्त’ असे लिही. मी लिहिले. मला कोणी धमकावले नव्हते. मुकादमाची खुर्ची अंगवळणी पडली होती, याहून चांगले कारण मला देता येत नाही.

३. सही घेताना ताईंच्या चष्म्यावर वाफ धरली होती. त्या म्हणाल्या, “भाऊ, काय लिहिलंय तेवढं वाचून दाखवा.” मी ती ओळ मोठ्याने वाचली व त्यातला एक शब्द गाळला. त्यांनी सही केली आणि वर मलाच म्हणाल्या, “यंत्राजवळ हात सांभाळा.”

४. जानेवारीत आपले पत्र घेऊन त्या फाटकाशी आल्या. पत्रात फक्त नियमाचा आकडा होता. “माझंच काहीतरी भरायचं चुकलं असेल. तुम्हाला कागदातलं कळतं, जरा बघता का?” मी पत्र दोनदा वाचल्यासारखे केले व म्हणालो, नियम बदलले असतील. अपील करू का, असे त्यांनी विचारले. “उगाच हेलपाटे पडतील,” असे मी सांगितले. अपिलाची तीस दिवसांची मुदत त्यामुळे टळली. विलंब त्यांचा नाही, माझा आहे.

५. भत्ता नाही म्हणून ताईंनी हाती लागले ते पहिले काम धरले. फेब्रुवारीपासून त्या, मी राहतो त्याच इमारतीचे जिने पुसतात. पाच मजले, गुडघे टेकून. त्याच महिन्यात एका हॉटेलच्या कपडेखात्यात त्यांच्याजोगी जागा निघाली होती. नव्या कामावर रजा मिळाली नाही, म्हणून त्या मुलाखतीला जाऊ शकल्या नाहीत. दोन महिने भत्ता असता तर त्या आज तेथे असत्या. मी दिसलो की त्या बादली भिंतीकडे सरकवून मला वाट देतात. तीन आठवडे मी त्या येण्याआधीच घर सोडत होतो आणि कारखान्याच्या बंद फाटकाशी तासभर उभा राहत होतो. पत्नीला मी फिरायला जातो असे सांगितले. तब्येतीची काळजी घेऊ लागलात, म्हणून ती खूश होती.

६. विषयाला सोडून असले तरी एक लिहितो. हा भत्ता आळशी लोकांसाठी असतो, असे मी चहाच्या वेळी नेहमी म्हणत असे. एकदा ताईंसमोरही म्हणालो. त्या म्हणाल्या होत्या, “दर महिन्याला पगारातून कापतात ना? मग आपलंच आहे की.” घर जळाल्यावर विमा मागणाऱ्याला आपण आळशी म्हणत नाही. काम गेलेल्याला मात्र खिडकीवर खाली मान घालून उभे करतो. त्या रांगेत उभे राहण्यासारखे ताईंनी काही केले नव्हते. मान माझी खाली असायला हवी होती.

७. तरी विनंती की,
(अ) फॉर्मवरील माझे निवेदन खोटे समजून दावा पुन्हा उघडावा व विलंब माफ करावा.
(ब) खोटी माहिती दिल्याबद्दल माझ्यावर नियमाप्रमाणे कारवाई करावी. मालकांना या अर्जाची प्रत मी स्वतः दिली आहे. त्यांनी मला उद्यापासून येऊ नकोस असे सांगितले आहे.
(क) ताईंना पाठवायच्या पत्रात माझे नाव येऊ नये, अशी विनंती येथे लिहिली होती. ती खोडली आहे. खाडाखोडीवर सही केली आहे.

८. (क) खोडल्यावर मी आज सकाळी तिसऱ्या मजल्यावर ताईंना सर्व सांगितले. त्यांनी हात पुसले, पायरीवर बसून अर्ज वाचला. मग म्हणाल्या, “चौदा वर्षं समोर उभे होतात तुम्ही.” नऊ, असे मी म्हणालो नाही. माझी क्षमा त्यांनी केलेली नाही व मी मागितलेली नाही. त्यांचे एकच म्हणणे आहे, ते त्यांच्याच शब्दांत लिहितो : “बोलावलं तर येईन. पण तुमच्या शेजारी बाकावर बसणार नाही.”

सबब, सुनावणीस आम्हां दोघांना वेगवेगळ्या वेळी बोलवावे. त्यांना अकरानंतरची वेळ द्यावी, कारण तोवर जिने असतात. मला कोणतीही वेळ चालेल.

आपला नम्र व अपराधी अर्जदार,
(सही)
मुकादम, घडी विभाग (आजपर्यंत)
दि. १९ मार्च

सोबत : १. सेवामुक्तीच्या फॉर्मची प्रत, खोटा शब्द अधोरेखित करून.
२. ताईंच्या चौदा वर्षांच्या हजेरीचा उतारा.