भाऊजींच्या कोटाची चिठ्ठी

तीर्थस्वरूप भाऊजींना, धाकट्या मेव्हण्याचा वाकून नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे आईचा गुडघा दुखतोय आणि बाबा माझ्याशी बोलत नाहीत, पण ते दोन्ही जुनंच. तुमची पाठ कशी आहे? ताईच्या शाळेच्या परीक्षा संपल्या का? पत्र लांबलंय, तेव्हा खुर्चीत नीट टेकून वाचावं. तीन वर्षांपूर्वी तुम्ही आमच्या कपाटात विसरलात त्या तपकिरी कोटाविषयी आहे. (कोट सुखरूप आहे. जवळजवळ.)

मी कॉलेज सोडलं त्याची बाबांनी तुम्हाला तिखटमीठ लावून हकिगत कळवली असेलच. खरी गोष्ट एवढीच, की सरांनी वर्गाबाहेर जा म्हटलं, मी गेलो, आणि डोकं तापलेलं असल्यामुळे तसाच घरापर्यंत आलो. पण तेव्हापासून मी रिकामा हिंडतो हे साफ खोटं. मी रोज एकाच ठिकाणी जातो.

आमच्या बाजारात, घड्याळजीच्या शेजारी, एक कपड्यांचं दुकान निघालंय. लोक आपले वापरलेले पण धड कपडे तिथे ठेवायला देतात. विकले गेले तर निम्मे पैसे देणाऱ्याचे, निम्मे दुकानाचे. सहा आठवड्यांत गिऱ्हाईक नाही मिळालं, तर कपडे ज्याचे त्याला परत. दुकान एका मावशींचं आहे, पण ते चालवते त्यांची भाची. तिला सगळे चिठ्ठीवाली म्हणतात, कारण प्रत्येक कपड्याला ती स्वतः चिठ्ठी लावते आणि चिठ्ठीवर आधी दोष लिहिते. 'तिसरं बटण वेगळं.' 'काखेत रफू.' 'रंग उन्हात बरा दिसतो, घरात नाही.' असं लिहिल्यावर कोण घेईल, असं तुम्ही म्हणाल. लोक रांग लावून घेतात, भाऊजी. बोलताना तिच्या ओठांत तीन टाचण्या असतात, त्यामुळे ती फार थोडं बोलते, आणि जे बोलते ते टोचतं. मी पहिल्याच दिवशी गार झालो.

आता दुकानात रोज जायला काही कारण हवं. मी माझे सदरे एकेक करून नेले. मग पँटी. मग थंडीचा स्वेटर, आणि त्याच आठवड्यात थंडी पडली. नवव्या खेपेला ती म्हणाली, "उद्या काय घालून येणार?" घरी येऊन कपाट उघडलं तर आत माझं काहीच नव्हतं. होता तो तुमचा कोट.

त्या दुकानाचा एक नियम आहे. दोष मालकाने सांगायचे, आणि वहीत सही मालकाचीच. मी बेधडक सांगितलं, कोट माझा, दोष शून्य. तिने तो मला घालून बघायला लावला. बाह्या बोटांच्या खाली गेल्या. ती म्हणाली, "आटलात वाटतं." मग कोट उलटा करून शिवणी पाहिल्या आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'कमरेत दोनदा वाढवलेला.' (तुमच्या वतीने मी लाजलो.)

गेल्या आठवड्यात तिथे औषधवाला आला. तोच, जो खोकल्याला आणि पायमुरगळीला एकच बाटली देतो. कोट अंगात घालून आरशासमोर उभा राहिला, तर मापाने शिवल्यासारखा बसला. मी खूश. तेवढ्यात त्याने चिठ्ठी वाचली आणि मावशींना म्हणाला, "हा गृहस्थ ताटावरून उठतो की नाही?"

भाऊजी, मला काय म्हणाल ते म्हणा, पण घरच्या माणसाबद्दल मी ऐकून घेत नाही. मी कोटाची बाही धरली. तो आतून सोडेना. मी ओढली. अस्तर टरकलं, आणि मी सगळ्या दुकानासमोर ओरडलो, की काढ तो कोट, तो माझ्या भाऊजींचा आहे.

शेजारी घड्याळजीनेसुद्धा काम थांबवलं. मावशी म्हणाल्या, पुन्हा पायरी चढायची नाही. मी निघालोच होतो (निघून जाण्यात माझा हातखंडा आहे), पण चिठ्ठीवालीने ओठांतल्या टाचण्या काढल्या. तिन्ही. सुईदोरा माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "फाडलंत, शिवा." मी दोन तास अस्तर शिवत बसलो, त्यात चारदा सुई बोटात गेली. उठायच्या वेळी तिने एका कोऱ्या चिठ्ठीवर लिहिलं आणि ती माझ्याच अंगातल्या सदऱ्याला टाचली. 'लवकर तापतो. खोटं बोलतो, पण टिकत नाही. शिक्षण अर्धवट. टाका बरा. मुदत सहा आठवडे.'

तेव्हापासून मी सकाळी तिथे इस्त्री करतो. मावशी माझ्याकडे न बघता कपडे पुढ्यात टाकतात. सहा आठवड्यांतले पाच दिवस गेले. सहाव्या आठवड्याच्या शेवटी मला ठेवून घ्यायचं की परत पाठवायचं, ते ती ठरवणार. भाऊजी, आयुष्यात मला प्रथमच कुठूनतरी जायचं नाहीये.

ताईला नमस्कार, तुमच्या पाठीला आराम.

तुमचा,
हातावर इस्त्रीचे तीन डाग असलेला मेव्हणा

ता.क. : कोट विकायला तुमची हरकत नाही, असं दोन ओळींत कळवावं. औषधवाला अजून घ्यायला तयार आहे. कमरेचा खुलासा करायची गरज नाही.

ता.क. २ : खरं काम हे आहे. ती म्हणते, वस्तूला स्वतःचे दोष विचारत नाहीत, मालकाला विचारतात. तेव्हा माझ्या दोषांची यादी घरच्या माणसाच्या अक्षरात हवी आहे. तुम्ही दयाळू आहात म्हणून तुम्हाला लिहिलं.

ता.क. ३ : पाकीट बंद करताना तिने हे पत्र मागून वाचलं. ती म्हणते, दयाळू माणसाची यादी चालणार नाही, बहिणीची पाठवा. भाऊजी, आता सगळं तुमच्या हातात आहे. ताईला कागद देऊ नका, पोस्टकार्ड द्या. आणि घरातलं सगळ्यात जाड टोकाचं पेन.