विसाव्या सामन्याचे टॉवेल

नॉर्थ डकोटा, मार्च १९८३

क्लिफर्ड,

प्रिय लिहवत नाही. "गावाला बास्केटबॉलची कदर नव्हती," असं तू पेपरात सांगितलंस? लाज कशी वाटली नाही?

आइस हॉकीच्या हॉलमधल्या बर्फावर फळ्या अंथरून बास्केटबॉलचा संघ उभा केलास तू. हॉल तापला की फळ्यांना पाणी सुटायचं, खेळाडू घसरून आपटायचे. मग आम्हीच घरचे टॉवेल आणून, गुडघे टेकून पुसायचो. असे एकोणीस सामने!

विसाव्याला रविवारी दुपारी आठशे माणसं टॉवेल घेऊन आली. आदल्या दिवशीच तू संघ बसमध्ये घालून कायमचा दुसऱ्या शहरात नेला होतास. "येतील रे, पुसा," मीच सगळ्यांना म्हणत होते.

एवढं कोरडं मैदान तुझ्या पोरांना कधीच मिळालं नव्हतं.

हे पत्र पाठवणार नाही. तू तरी कुठे कळवलं होतंस?

तुझी सख्खी बहीण,
व्हर्ना