बाळंतिणीचा कागद

५ तारीख, सोमवार
एकदाचं पहिलं काम मिळालं. डूलाचं प्रशिक्षण संपून महिना झाला, पण हे काम कशाशी खातात हेच लोकांना ठाऊक नाही. सुईण बाळाकडे बघते, डूलाने बाईकडे बघायचं: कळांमध्ये कंबर चोळायची, धीर द्यायचा, पुढे घराची घडी बसेपर्यंत सोबत राहायचं.

माझ्या लेकीला तिच्या आजीकडे ठेवून आलेय. सात वर्षांची आहे, मी तिला ठकी म्हणते. दुसऱ्यांच्या बाळासाठी तू का जातेस, असं तिने विचारलं. मी तिचा पापा घेऊन निघाले. रोज चारला फोन करायचं कबूल केलंय.

घर तिसऱ्या मजल्यावर, स्वच्छ, उजेडाचं. माणसं तीनच: दिवस भरलेली सून, तिचा नवरा आणि सासूबाई. सून अबोल आहे. ती माझ्याच उंचीची, माझ्याच बांध्याची. सासूबाई हसून म्हणाल्या, बहिणीच शोभता.

७ तारीख
शिकवल्याप्रमाणे घरच्यांसाठी कागद लिहून फ्रिजवर चिकटवला. बाळंतिणीला एकटं सोडू नका. पाहुणे नकोत, फोन नको. ती काहीबाही बोलली तर वाद घालू नका, मायेने पडायला सांगा. सासूबाईंनी चष्मा लावून दोनदा वाचला. अशी सासू मिळायला नशीब लागतं.

८ तारीख
दुपारी बारा-वीसला घरीच मुलगा झाला. सगळं सुरळीत झालं, पण एक चूक माझ्या हातून झाली.

पहिला तासभर बाळ आईच्याच उघड्या छातीवर ठेवायचं, दुसऱ्या कोणाच्या नाही, हा आमचा पहिला धडा. पण सुनेने हातच पुढे केले नाहीत, तोंड भिंतीकडे फिरवलं. नवरा बाहेर होता, सुईण तिचा रक्तस्राव थांबवण्यात गुंतलेली, बाळ गार पडत चाललेलं. मी बटणं काढली आणि त्याला छातीशी धरलं. ते लगेच शांत झालं. तेव्हा सून वळली आणि मी आल्यापासून पहिल्यांदा हसली.

१० तारीख
बाळ माझ्याशिवाय कोणाकडे राहत नाही. आईने घेतलं की काळंनिळं होतं. माय मरो, मावशी जगो, असं सासूबाई गमतीने म्हणाल्या. मला ते आवडलं नाही.

सून मात्र टुणटुणीत आहे. दोन दिवसांची बाळंतीण ओट्याशी उभी राहून गुणगुणते. मी रागावले, तर तीच मला म्हणाली, तुम्ही पडा, दमला असाल.

१२ तारीख
सकाळी कपडे ओले. दूध. सात वर्षांनी.

असं क्वचित होतं, असं वर्गात सांगितलं होतं. तसंच असेल. पण सासूबाईंनी मला सूनबाई म्हणून हाक मारली. मी चूक सुधारली, तर त्यांनी वाद घातला नाही. फक्त एकदा फ्रिजकडे बघितलं.

१३ तारीख
आज निघते असं सांगितलं. नवरा शेजारी बसला आणि मायेने म्हणाला, पडून राहा. माझीच वाक्यं. मग फोन काढून घेतला. दाराला बाहेरून कडी.

तपासायला सुईण आली. माझा जीव भांड्यात पडला. सगळं सांगितलं, तिचे हात धरले. तिने माझं पोट दाबून बघितलं आणि घरच्यांना म्हणाली, होतं असं, काही बायका पहिल्या आठवड्यात स्वतःला ओळखत नाहीत. जपा.

हिनेच तर बाळ माझ्यासमोर— पोट दुखतंय. पोट का दुखतंय?

१४ तारीख
सुनेने माझे कपडे घातले होते. खांद्याला माझी पिशवी. मी ओरडले, दारावर डोकं आपटलं. तिला वाईट वाटलं असावं. म्हणाली, तीही इथे कुणाच्या तरी मदतीलाच आली होती. तिचंही कोणी ऐकलं नव्हतं.

तिच्यासाठी दार उघडलं. माझ्यासाठी—

१५ तारीख
नवरा आंघोळीला गेला. फोन मिळाला. चार वाजले होते. ठकीनेच उचलला.

मी ठके म्हटलं. तिने शहाण्या मुलीसारखं विचारलं, कोण बोलतंय. म्हणाली, आई कालच आली, माझी वेणी घालतेय. आणि आत सांगितलं की कुणी बाई रडतेय.

मागून सुनेचा आवाज आला. माझा आवाज. ठेव म्हणाली. ठकीने ठेवला.

१६
बाळ रडलं की पाय आपोआप— दूध येतं. मला नको असलं तरी येतं. आज त्याच्याकडे बघून मी हसले. मला भीती वाटते.

सकाळी ठकीचा चेहरा आठवायला वेळ लागला. ठकी हे लाडाचं. खरं नाव लिहून ठेवते, आत्ताच, तेही विसरायच्या आत. मीच ठेवलं होतं. तिचं नाव