वळची रूपा चिंधू पाटील

१६ जानेवारी, गुरुवार

जोडलं जात नाही! सकाळपासून तेच— ‘ड्रायव्हर सापडला नाही’. जुन्या डेटाला नव्या सॉफ्टवेअरशी जोडणारा ड्रायव्हर आहे. मीच टाकलाय. पण देवेशदादांनी नवं सॉफ्टवेअर बत्तीस बिटचं घेतलंय आणि ड्रायव्हर आहे चौसष्टचा. दोघांची तोंडं दोन दिशांना. या वधू-वर मंडळाला साजेसंच!

मंडळ म्हणे. कामतघरला लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर एक खोली, एक जुना कॉम्प्युटर. त्यात रामनाथ ऑपरेटरने आसपासच्या गावांतली लग्नाची पोरं-पोरी भरून ठेवलीत. रामनाथ गोदामात नोकरीला लागला नि सुटला. सचिव देवेशदादांनी मला धरलं. “मृणाली, तू फक्त जोडून दे. जुना डेटा नव्या लॅपटॉपवर दिसला पाहिजे.” फक्त!

१७ जानेवारी, शुक्रवार

लूम बंद, लाइट बंद. मीही बंद.

२० जानेवारी, सोमवार

बत्तीसचा ड्रायव्हर टाकला. जोडलं! जरा वेळ. मग ‘सर्व्हर सापडत नाही’. पासवर्ड तपासला, फायरवॉल बंद केली, केबल बदलली. दुपार गेली. शेवटी टेबलाखाली वाकले— देवेशदादांनी जुन्या कॉम्प्युटरचा प्लग काढून तिथे मोबाईल लावलेला. “बॅटरी उतरली होती गं.”

डोक्यातली कधी चढवणार?

२३ जानेवारी, गुरुवार

आता सगळं दिसतंय, पण बदलता काहीच येत नाही. नुसतं बघायचं! कारण सापडलं. रामनाथने एकाही माणसाला क्रमांक दिलेला नाही. मग सॉफ्टवेअरने कोणाला कोण म्हणून ओळखायचं? अशा माणसाला पगार देत होते!

मी पुन्हा जोडलं. ‘प्रत्येक नोंद कशावरून वेगळी ओळखायची?’ असं विचारतं, तिथे चार रकाने निवडले— नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव. देवेशदादांना उगाच काळजी. “आपल्यात सगळेच पाटील गं.” म्हटलं, असू देत. एकाच गावात तीच मुलगी, तोच बाप, असं कुठे असतं का?

चाललं! टाइप होतंय. रामनाथला हे सात जन्मांत जमलं नसतं.

२७ जानेवारी, सोमवार

वळ गावची रूपा चिंधू पाटील— दोन ओळींत. तोच फोटो, तोच फोन, तेच बारावी पास. रामनाथने डबल भरलीय. पोरीला काय दोन नवरे करायचेत? दुसरी ओळ लपवून टाकली.

३० जानेवारी, गुरुवार

वडप्याहून तुळशीराम म्हात्रे आले, मुलगा भूपेशसाठी. “वळची रूपा चिंधू पाटील. नर्स हाय ती. पोराने नुसतं ऐकून नाव काढलंय, बघितली न्हाय अजून, तिचा नंबर दे.” स्क्रीनवर बघितलं. म्हटलं, काका, नर्सबिर्स काही नाही, बारावी आहे, घरीच असते. “बरं, दे तर खरा.” दिला. यांना पोरी दुरून ऐकू येतात आणि डिग्र्या हे स्वतःच चिकटवतात.

त्यानंतर बायजाबाई. दर गुरुवारी वळहून येतात, पिशवी मांडीवर घेऊन बसतात. “आमचे रूपाला कुनी इचारलं का गो पोरी?” मी नाव टाकलं. आत्ताच एकाला नंबर दिलाय, म्हटलं, फोन येईल घरी. केवढ्या हरखल्या! एवढ्याशावर! कीव येते मला या बायकांची.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बायजाबाई आल्या नाहीत. फोनची वाट बघत बसल्या असतील.

९ फेब्रुवारी, रविवार

भूपेश-रूपाचा साखरपुडा! देवेशदादा फुगून टुम्म. “नव्या सॉफ्टवेअरने जमवलेलं पहिलं लग्न!” पुढच्या रविवारी मेळावा, त्यात माझा सत्कार. जोडलं मी, आणि ऐट यांची.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बायजाबाई आल्या. “फोन न्हाय आला गो.” मी नाव टाकलं— ‘जुळले’. मला हसू फुटलं. म्हटलं, मावशी, मुलीचा साखरपुडा झाला आणि आईला पत्ता नाही?

“कोनाचा साखरपुडा?”

तुमच्या रूपाचा. भूपेश म्हात्रे, वडपे.

त्या स्वतःच हसल्या. “ती गोदामवाल्या चिंधूची रूपा असंल. आमचा चिंधू खाडीकडं खारीच्या शेतावरचा. आमची नर्स हाय गो.”

त्या गेल्यावर रामनाथचा जुना कॉम्प्युटर चालू केला. तिथे दोन रूपा आहेत. दोन फोटो, दोन फोन. एक बारावी, एक नर्स. चारही रकाने तंतोतंत सारखे— म्हणून माझ्या जोडणीने दोन्ही ओळींत पहिलीच दाखवली. आणि नर्स दिसत नव्हती म्हणजे ती नाहीच, असं मी तुळशीरामकाकांना तोंडावर सांगितलं!

भूपेशने बायजाबाईंच्याच रूपाचं नाव काढलं होतं.

जेवण गेलं नाही. मला माझीच लाज वाटतेय.

१५ फेब्रुवारी, शनिवार

देवेशदादांना सांगितलं. आधी प्लगकडे बघितलं त्यांनी, जसा काही तोच उपाय. मग म्हणाले, “दोन्ही घरं खूश आहेत. त्या ठरलेल्या पोरीचा काय दोष? तू तोंड उघडलंस तर तिचं मोडेल आणि हिचं जुळणारही नाही.”

भित्रा माणूस! पण साखरपुडा झालेल्या रूपाचं तरी काय चुकलं? जोडणी तोडली, प्रत्येकाला क्रमांक दिला, पुन्हा जोडलं. आता दोघी वेगळ्या दिसतात. बायजाबाईंना फोन लावायला घेतला नि ठेवून दिला. उद्या मेळाव्याला येतील, समोरासमोर सांगेन.

१६ फेब्रुवारी, रविवार

माझ्या सत्काराची शाल बायजाबाईंच्या हातून दिली. ‘मंडळात न चुकता येणाऱ्या माउली’ म्हणून त्यांना स्टेजवर बोलावलं होतं. खांद्यावर शाल नीट करत त्या कानात म्हणाल्या, “आता आमचे रूपाचं बघ हां पोरी, तुझे हाताला यश हाय.”

मी “हो” म्हटलं.