नळीच्या जाड पाकळ्या

मंगळवार, संध्याकाळ. जठारपेठ, अकोला

पुतणीचा, मेघाचा, जहाजावरून फोन आला. समुद्राच्या तळाचा चिखल काढायला मी बनवून दिलेली नळी रिकामीच वर आली. चिखल अडवणाऱ्या पाकळ्या पातळ पत्र्याच्या करा, म्हणाली होती. मीच शहाणा, जाड केल्या. दर्यापूरच्या शेतात खुपसून पाहिली, भरून आली. येणारच. आपली काळी माती सोडते कुठं? तळाचा चिखल दह्यासारखा. जाड पाकळ्या मिटल्याच नाहीत.

"साहेब बोलले काय तुले?"

"मी सांगतलं, माप माह्यंच चुकलं. तुमी जेवून घ्या, मोठेबाबा."

जेवण कसलं जातं? पातळ पत्रा दुकानातच पडला होता. पाकळ्या त्याच्याच करायच्या होत्या. उद्या तिच्या साहेबाले मीच सांगतो, पोरीनं माप बरोबर दिलं होतं.