विमान उडेना, नवरदेव सुटेना

प्रति,
मा. प्रकल्प प्रमुख,
वैमानिकरहित विमान प्रकल्प, चाचणी तळ.

अर्जदार : कु. कुसुम गिरधर देसले, प्राथमिक शिक्षिका, पाचोरा, जि. जळगाव.

विषय : तंत्रज्ञ श्री. भिकन पुना बोरसे यांस स्वतःच्या लग्नास हजर राहू देणेबाबत.
संदर्भ : त्यांची रजा नामंजूर केल्याचे आपले दुसरे पत्र.

महोदय,

१. अर्जदाराचा साखरपुडा शिरपूरचे श्री. बोरसे यांच्याशी दिवाळीनंतर झाला. मार्गशीर्षात ऐन लग्नाच्या आठवड्यात आपले सैनिकी विमान इंजिन तापून हवेतच बंद पडले व कोसळले. रजा रद्द झाली. माघात दुसरे विमान चांगले उडाले, परंतु उतरताना त्याची हवाई छत्री उघडली नाही व तेही मोडले. इकडे मांडव घातला होता, तो उतरवावा लागला.

२. इंजिन परदेशातून येते, एक विमान मोडले की दुसऱ्याच्या खर्चास दिल्लीची मंजुरी लागते, असे श्री. बोरसे यांनी कळविले आहे. आता एकच विमान शिल्लक असून तेही पडल्यास प्रकल्प गुंडाळतील, म्हणून कोणासही सोडत नाहीत. अर्जदारास हे समजते. वडिलांस समजत नाही. ते ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यास विचारतात, "इमानमा माणूसच नही, मंग जवाईनी तठे काय गरज शे?"

३. आत्या म्हणते, "पोऱ्या तठेच घर करी बसना व्हई." म्हणजे त्यांनी तिकडेच संसार थाटला असावा, असा तिचा संशय आहे. तिने सावद्याचे स्थळ परस्पर पाहून ठेवले असून अक्षय तृतीयेपर्यंत लग्न न लागल्यास तेथे होकार कळवावा, असे घरात ठरले आहे. पोस्टमनच्या सायकलची घंटी ऐकली की अर्जदाराच्या हातातील खडू थांबतो. वर्गात कोणी कागदी विमान सोडले तर ते लांब जावे असे वाटते, आणि मग सोडणाऱ्यासच शिक्षा होते.

४. सबब, रजा मागणे अर्जदाराने सोडले आहे. अर्जदार, वडील, आत्या व भटजी शनिवारी, दि. ६ मे रोजी निघत असून सोमवारी, दि. ८ मे रोजी, अक्षय तृतीयेस, लग्न आपल्या तळाच्या फाटकाबाहेर लागेल. आत येण्याचा आग्रह नाही. वाजंत्री आणणार नाही. श्री. बोरसे यांस फाटकापर्यंत तेवढे सोडावे. उन्हात इंजिन टिकत नसल्याने चाचण्या सकाळीच उरकतात व दुपारी विमान झाकून ठेवतात, असे त्यांनीच लिहिले आहे. म्हणून मुहूर्त भर दुपारचा काढून घेतला आहे.

उत्तराची वाट न पाहता निघणारी,
(सही)
कुसुम गिरधर देसले
पाचोरा, दि. २७ एप्रिल १९८९

सोबत : जुन्या लग्नपत्रिका दोन, तारखा खोडलेल्या, नवी एक, आपणासाठी.