देव फोनकडं बघतोय

१२ जून, शुक्र.
आज विठूकाकांनी (पुढं वि.का.) डोळे दिले. म्हणजे बारा गणपतींच्या डोळ्यांची आखणी. दोन वर्षं जोह्यात त्यांच्या कारखान्यात येऊन-जाऊन आहे. सोंडा घासल्या, पीतांबर रंगवले, मधेच पळून तीन महिने धाटावला केमिकल कंपनीत, मग परत. कुठंच टिकत नाय मी.
"डोळे जमले तर तू इथला. नाय जमले तर बघू," वि.का.
"बघू" म्हणजे काय ते विचारलं नाय.
संशय: शेजारी रंगकाम करणारी पमी नको म्हणाली म्हणून मला मिळाले असणार. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला.

१३ जून
रामवाडीच्या खोलीवर फोनवर डोळेच डोळे. कोल्हापूरचे, हैदराबादवाल्याचे, बाहुलीचे डोळे काढणारी कुणी परदेशी बाई. जो तो सांगतो, हीच खरी पद्धत. मग डोळ्यांचे व्यायाम. मग डोळे आलेल्या बैलाला काय लावायचं. बैल कुठाय माझ्याकडं? तीन तास गेले.
कागदावर एक काढला. छान झाला. पण कुठंतरी बघितलाय हा. माझा, की हैदराबादवाल्याचा?
दुपारी पमीशी पांढऱ्या रंगाबद्दल बोललो, संध्याकाळी फोनवर पांढऱ्या रंगाची जाहिरात. ऐकतो हा. खिशात ठेवायचा नाय आजपासून.
(ठेवला.)

१६ जून
सहा झाल्या. वि.का. मूर्ती चौरंगावर ठेवतात नि आपण खाली पाटावर बसून, मान वर करून डोळे काढतात. गुडघे दुखतात तरी. जुनी खोड. मी मूर्ती टेबलावर ठेवतो, समोर स्टँडला फोन. काढायचं नि स्क्रीनवर तपासायचं. चूक लगेच कळते.
पमी : "काय रे नित्या, देवाचा आधार कार्डाचा फोटो काढतोस काय?"
मग तिनंच फोटो काढून कारखान्याच्या ग्रुपवर टाकला. तिथनं कुठं कुठं गेला. अंगठे, हृदयं, "कुणाचा हात हा?" जेवताना चार वेळा उघडून बघितलं.
वि.का. माझ्या एका मूर्तीसमोर पाटावर बसले. बराच वेळ. "हं," म्हणाले नि उठले.
ह्या "हं"चं मी काय करू?

१९ जून, शुक्र.
बारा पूर्ण. कारखान्याची रीत, नव्या हाताची पहिली मूर्ती त्याच्या घरी जाते. माझं घर म्हणजे रोह्याची आत्या. रविवारी जाईन.

२१ जून, रवि. रोहा
एसटीत मांडीवर गणपती, हातात फोन. मेसेज : धाटावला गॅस सुटला, रोहेकरांनी दारं-खिडक्या लावून घ्या. तीन ग्रुपवर तोच. आत्याला फोन लावला, उचलला नाय. परत परत लावला.
पोचलो तर आतोबा धाटावची शिफ्ट संपवून पाय धुतायत.
"आतोबा, गॅस..."
"आरं मी तिथनंच आलोय ना! वास येतोय का माज्या अंगाला?"
तरी मी दार ओढून घेतलं. समोर उभ्या माणसापेक्षा मेसेज खरा वाटला. हे लिहून ठेवतो.

आत्यानं मूर्ती चौरंगावर मांडली, पाटावर बसली, हात जोडले. मग सोडले.
"बाबू, ह्यो माज्याकडं बघत नाय."
"बघतोय गो."
"नाय. वरचं कॅलेंडर बघतोय. आल्या आल्या जायाची तिथी शोधतोय मेला."
आतोबा इतके हसले की चहा सांडला.
वाटलं, वि.का.नी शिकवून ठेवलं तिला. पण तिच्याकडं त्यांचा नंबरच नाय.
ती आत गेल्यावर मी पाटावर बसलो. खरंच. नजर माझ्या डोक्यावरून. उभं राहून फोन धरला, तर थेट बघतोय, हसरा, गोड. परत बसलो. मी त्याच्या लेखी नाय. चारदा उठबस केली.
पूजेला उभं कोण राहतं? सगळे बसतात. हे वि.का.ना म्हाईत, आत्याला म्हाईत. मलाही होतं. लहानपणापासून पाटावरनंच बघितलाय.

२२ जून
जोह्याला गेल्या गेल्या सांगून टाकलं. "काका, चुकलं. अकरांचे डोळे पुसून परत काढतो."
"राहू दे."
मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं फोटो बघून दीडशे मागितल्यात. हेच डोळे पाहिजेत म्हणे.
"पण पाटावरनं बघितलं तर..."
"ठावं हाय. पाटावर बसलो त्याच दिवशी दिसलं मला."
"मग बोलला का नाय?"
"तवर व्यापाऱ्याचा फोन आला होता." गुडघा चोळत राहिले. "गिऱ्हाईक आता फोनवर बघून घेतंय, नित्या. मी किती वर्षं पाटावर बसू? तू काढ. तो तर नावानं मागतोय, नित्याचे डोळे."
नित्याचे! कोल्हापूर, हैदराबाद नि त्या बाहुलीवाल्या बाईचे मिळून नित्याचे.
वि.का. मला पारखत होते असं वाटलं होतं. तसं काय नाय. तेही फोनकडंच बघत होते.

२४ जून
दोन दिवस एक मूर्ती नाय. सगळ्यांचा संशय घेऊन झाला, राहिलो मी. "नित्याचे डोळे" ऐकून आत गुदगुल्या झाल्या. ते खोटं कसं म्हणू?
पमी : "काढायचे तर काढ, नाय तर नाय म्हण. नुसता कुढू नको, रंग वाळतोय माझा."
आत्याचा फोन. "आता मी स्टुलावर बसून नमस्कार करते. पडले तर तुज्या नावानं."

२६ जून, शुक्र.
व्यापारी उद्या येणार. वि.का.ना त्याच्यापुढं ठेवायला एक ताजा नमुना पाहिजे, माझ्या हातचा. आवडला तर सगळी आखणी माझी. नाय तर परत "बघू".
फोन बंद करून पमीच्या जेवणाच्या डब्यात टाकला. चौरंग ओढला. पाट घेतला. बसलो. मान लगेच दुखायला लागली.
उजवा काढला. बुबुळ जरा खाली. ब्रश जरा दबला, कड जाड झाली. असली कड मी कुठं बघितलेली नाय.
उजवा बघतोय माझ्याकडं. माझीच नजर खाली गेली.
वि.का. दारात येऊन उभे. रिकामा स्टँड बघितला, पाट बघितला. "हं" पण नाय म्हणाले. गेले पण नाय.
पमी हळूच : "दुसरा कसा काढतोस रे?"
डावा कोरा आहे अजून. ब्रशवरचा रंग वाळतोय. पाटावरनं उठलो नाय.